सुपारी वाढवली

आमच्या घरात तांदूळ कधी संपले नाहीत, बांगडी कधी फुटली नाही आणि दिवा कधी विझला नाही. वाचणाऱ्याला वाटेल, काय भरलेलं घर असेल. तसं काही नव्हतं. निपाणीत तंबाखूच्या वखारीला लागून असलेल्या गल्लीत आमच्या दोन खोल्या, पुढं सोपा, मागं एवढंसं परडं. तांदूळ संपायचेच, पण आई म्हणे, "तांदूळ वाढलेत." बांगडी फुटली की "बांगडी वाढवली." दिवा विझवायचा असला की "दिवा मोठा कर." अशुभ बोलू नये म्हणून झालं त्याच्या बरोबर उलटं बोलायचं, ही रीत घरोघरी होती आणि माझ्या वयाच्या पोरींना ती कधी कळली हे त्यांनाही आठवत नसेल. मला ती आपोआप आली नाही. आई पहिल्यांदा "दिवा मोठा कर" म्हणाली तेव्हा मी कंदिलाची वात इतकी वर केली की काच काळी पडून तडकली. आईनं पाठीत धपाटा घातला. सांगितलं तेच केलं आणि मार मिळाला, हा हिशोब मला काही केल्या लागेना. मी दोन दिवस कंदिलाजवळ गेले नाही.

या स्वभावाला नाव आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं. भाचीच्या आग्रहानं बेळगावात एका तरुण डॉक्टरीणबाईंकडं गेले, तर तिनं तासभर प्रश्न विचारले आणि म्हणाली, "अ‍ॅस्पर्जर म्हणतात याला. आता नाव बदललंय, पण तुम्ही लक्षात ठेवायला हेच ठेवा." मी म्हटलं, "बदललंय तर जुनं कशाला लक्षात ठेवू?" ती हसली. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही. नाव मिळाल्यानं बरं वाटलं का, असं सगळे विचारतात. बरं वाटलं, आणि रागही आला. लहानपणी आमच्या गल्लीत माझ्यासाठी दुसरी नावं होती. खुळी, आडमुठी, तोंडाळ, घुमी. तोंडाळ आणि घुमी एकाच वेळी कसं असता येईल, याचा तरी कुणी विचार करायचा.

तर ते घर. सकाळी वखारीचा भोंगा व्हायचा, तो व्हायच्या आधीच मी कानावर हात ठेवून बसलेली असे. मग बायका चाळण्या हलवायला लागत, तो खर्र खर्र आवाज दिवसभर, आणि त्याबरोबर तंबाखूची धूळ. आमच्या गल्लीत नवा माणूस आला की शिंकत यायचा आणि शिंकतच जायचा. आप्पा वखारीत वजनकाट्यावर होते. संध्याकाळी ते परड्यात धोतर झटकल्याशिवाय घरात पाऊल टाकत नसत. जेवायला भाकरी, आमटी, कधी पावट्याची उसळ. मला आमटी भाकरीला लागलेली चालत नसे. दोन्ही वेगळं पाहिजे, आणि मधे बोटभर जागा. आई म्हणायची, "पोटात जाऊन एकच हुतंय न्हवं?" पोटात काय होतं ते मला दिसत नव्हतं, ताटात दिसत होतं. आक्का मात्र काही न बोलता माझ्यासाठी आमटी वाटीत वाढायची.

आक्का म्हणजे सुशीला, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी बहीण. मला जग जे थोडंफार कळत होतं, ते तिच्याकडून. बाहेरच्या माणसाचं बोलणं आधी तिच्या कानात जायचं आणि मग उलगडून माझ्या. "रत्ने, पावणे 'काय नको, काय नको' म्हणले तरी च्या ठेवायचा. त्येंना पायजे असतो." "रत्ने, पारवताक्का 'काय म्हणतीया शाळा' असं इचारतीया न्हवं, तवा शाळा काय बोलती ते सांगायचं न्हाय. बरी हाय म्हणायचं." पारवताक्का आमच्या शेजारच्या. घरी कानडी बोलत आणि आमच्याशी मराठी. निघताना म्हणत, "बर्तेनी." त्याचा अर्थ येते. आणि निघून जात. आमची माणसंही निघताना "येतो" म्हणत आणि निघून जात. दोन्ही भाषांनी मिळून माझ्याविरुद्ध काहीतरी ठरवलंय, असं मला अगदी मनापासून वाटे. आवाज फार झाले किंवा माणसं फार झाली की आक्का मला वखारीच्या मागच्या भिंतीशी घेऊन जायची. तिथं जुनी गोणपाटं रचलेली असत. तंबाखूच्या वासानं तिथं कुणी थांबत नसे. आम्ही दोघी गोणपाटांच्या आडोशाला बसायचो, आळीपाळीनं शिंकायचो, आणि आक्का माझ्या मनगटाला घट्ट धरून ठेवायची. हळू धरलेलं मला सोसत नाही, अजूनही.

आक्काचं पहिलं स्थळ मोडलं ते माझ्या तोंडानं. असं सगळे म्हणत, म्हणून मीही म्हणते. पाहुणे आले त्याच दिवशी आईनं कासारणीला बोलावलं होतं. आक्का सोप्यात हात पुढं करून बसलेली, समोर मुलाची आत्या, आणि कासारीण हिरव्या बांगड्या चढवतेय. काचेवर काच घासण्याचा आवाज माझ्या दातांत जात होता. तेवढ्यात एक बांगडी कट्‌ झाली. मी म्हणाले, "फुटली." कुणी काही बोललं नाही म्हणून मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले, "फुटली, फुटली." आत्याबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. पंधरा दिवसांनी पत्र आलं, पत्रिका जुळत नाही. आई त्या दिवशी चुलीपुढं बसून रडली आणि मग मला समोर बसवून म्हणाली, "आजपासनं फुटली म्हणायचं न्हाय. वाढवली म्हणायचं. कळलं?"

"बांगडीला?" मी विचारलं.

"कशालाबी."

"कुठल्याच गोष्टीला फुटली म्हणायचं न्हाय?"

"न्हाय म्हणलं न्हवं? तुझ्या तोंडात त्यो शब्दच नको मला." आईनं माझा हात देवाच्या फळीवर ठेवून मला शपथ घ्यायला लावली.

मी शब्द पाळणारी. दुसऱ्याच आठवड्यात शाळेत एक पोरगा पायरीवरून पडला, तर मी धावत जाऊन सांगितलं, "गुरुजी, बंड्याचं डोकं वाढवलं." गुरुजींनी मला वर्गाबाहेर उभं केलं आणि बंड्याचं रक्त वाहतच राहिलं. बाकीची माणसं तो शब्द सर्रास वापरत, आईसुद्धा. माठ फुटला, पेपर फुटला, वाट फुटली. यावरून मी एवढंच समजले की शब्दात खोट नाही, माझ्या तोंडात आहे. दुसऱ्याच्या तोंडून निघाला तर काही होत नाही, माझ्या तोंडून निघाला तर घर बसतं. दहा वर्षांच्या पोरीनं हे डोक्यात घेऊन वावरणं काय असतं ते मला सांगता येत नाही. मी बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात एकदा म्हणून बघायला लागले. त्यात इतका वेळ जाई की समोरचा माणूस निघून जायचा.

वर्षानं दुसरं स्थळ आलं. संकेश्वरचा मामा मधे होता. मुलगा सांबऱ्याचा, बेळगावात एका कारखान्यात फिटर. आक्काला तो आवडला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण गोणपाटांमागं मला सांगितलं, कारण मी कुणाला सांगत नाही हे तिला ठाऊक होतं. गल्लीतल्या बायका आता तिच्या वयाबद्दल तिच्यासमोरच बोलायला लागल्या होत्या. "हे बी गेलं तर पोरीचं कसं हुयाचं," आई उठता बसता म्हणे. आणि येणारा जाणारा एकच विचारी, "सुपारी कवा फुटतीया?" आमच्याकडं लग्न ठरलं की चार माणसांसमोर सुपारी फोडतात आणि साखर वाटतात. सुपारी फुटली की शब्द पक्का झाला. मला तेव्हा हे इतकं सरळ माहीत नव्हतं. मला फक्त तो शब्द ऐकू यायचा, दिवसातून दहादा. आणखी एक भीती होती, ती मी कुणालाच सांगितली नाही. सुपारी झाली की आक्का सांबऱ्याला जाणार. मग माझ्याशी कोण बोलणार?

आदल्या दिवशी मामा आला आणि जेवताना म्हणाला, "त्येंचा चुलता जरा मागंम्होरं करतोय. लगीन वर्षानं वाढवू या म्हणतोय."

आईचा घास हातातच राहिला. "वाढवलं म्हंजे मोडल्यागतच की रं. वर्षभर कोण थांबतंय?"

"बघू. उद्या बसल्यावर बोलू," मामा म्हणाला. आक्का पाणी आणायला म्हणून उठली आणि बराच वेळ आत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सोप्यात जाजम घातलं. पुरुष माणसं बाहेर बसली. आई, आक्का, पारवताक्का स्वयंपाकघरात. शिऱ्याचा खमंग वास घरभर, साखरेचं ताट रुमालानं झाकून तयार. मधल्या दारात मला उभं केलं. आई माझी वेणी घट्ट करत म्हणाली, "हितंच उभी ऱ्हा. सुपारी झाली की आत येऊन सांग. दुसरं काय बोलू नको." म्हणजे काम होतं आणि ते मला जमणार होतं. बघायचं आणि सांगायचं. मी उंबऱ्यावर पाय जुळवून उभी राहिले.

बोलणं फार लांबलं. चुलता म्हणजे मोठ्या मिशांचा गृहस्थ, प्रत्येक वाक्यानंतर खाकरायचा. आप्पा मान खाली घालून जाजमाचा दोरा ओढत होते. मुलाचे वडील मधेच म्हणाले, "आमाला पोरगी पसंत हाय. कशाला आडवं लावतोस?" चुलता नुसताच खाकरला. मामानं पाटावर सुपारी ठेवली, मुलाच्या वडिलांनी पितळी बत्ता उचलला आणि हाणला. असा आवाज झाला की माझे डोळे मिटले. एक खांड उडून माझ्या पायाशी आलं. मी ते उचललं. अर्धं, आतून पांढऱ्या रेघांचं. मुठीत धरलं आणि आत गेले.

आत तिघीजणी माझ्याकडं बघत होत्या. मी नेहमीसारखं वाक्य आधी मनात म्हणून बघितलं. त्यात तो शब्द आला. मी तो काढला आणि त्या जागी आईनं दिलेला शब्द ठेवला.

"सुपारी वाढवली," मी म्हणाले.

आई मटकन खाली बसली. पारवताक्कांनी तोंडावर पदर धरला आणि कानडीत काहीतरी पुटपुटल्या. "वर्षानं वाढवली?" आईनं विचारलं, पण मला नाही, भिंतीला. तिच्या चेहऱ्यावरून मला एवढं कळलं की चुकलं. काय चुकलं ते कळेना. नियम मी पाळला होता. मी तेच पुन्हा म्हणाले, "वाढवली," आणि आईनं कानावर हात ठेवले, अगदी मी ठेवते तसे. या गडबडीत आक्का मागच्या दारानं निघून गेली. फक्त मी बघितलं.

बाहेर चुलता खाकरला. "साखर का येईना? पोरीच्या मनात न्हाय वाटतं." थोड्या वेळानं आप्पा आत आले, कपाळावर घाम. "अगं साखर कुठाय? सुपारी फुटली, माणसं बसल्यात. सुशीला आणा भाईर कुक्कू लावायला." आईनं आप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिच्या सगळं ध्यानात आलं असावं. मला वाटलं आता धपाटा. पण ती नुसती म्हणाली, "सुशी कुठाय?"

परड्यात नव्हती. पारवताक्कांच्या घरात नव्हती. गल्लीच्या टोकाला आड होता. आप्पांनी आधी तिकडं बघितलं आणि त्या बाजूला धावत गेले. मी आप्पांना धावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पारवताक्का मात्र बाई धीराची. साखरेचं ताट स्वतः उचललं, बाहेर गेली आणि म्हणाली, "पोरगी मारुतीला नमस्कार कराया गेलीया. आता यील." मी म्हणणार होते की नाही, मारुतीला नाही गेली. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, म्हणून राहिलं.

आक्का कुठं असेल ते मला ठाऊक होतं. मी वखारीच्या मागं गेले. गोणपाटांच्या आड ती गुडघ्यात डोकं घालून बसली होती. कपाळ पुसलेलं, डोळे लाल. मी समोर उभी राहिले. तोंड उघडलं तर आत दोनच शब्द. एक खोटा होता आणि एक बंद होता. मी हात झटकायला लागले, जसे मी फार घाबरले की झटकते.

आक्कानं वर बघितलं. स्वतः रडत असताना ती मला म्हणाली, "बोलू नको रत्ने. श्वास घे. तोंडानं सांगू नको. डोळ्यानं काय बघितलंस ते दाव मला."

माझ्या मुठीत सुपारीचं खांड होतं. मी लगेच मूठ उघडली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नंतर घरात हसून हसून ही गोष्ट सांगितली गेली, रत्नीनं सुपारी वाढवली म्हणून. कुणी कुणी असंही म्हणालं की पोरीनं मुद्दाम केलं, बहीण जाऊ नये म्हणून. शब्द मी मुद्दाम नव्हता बदलला, देवाशप्पथ. पण मूठ मी मुद्दाम बंद ठेवली. मला त्या वेळी स्वच्छ कळलं होतं की ही मूठ उघडली की आक्का गेली, नाही उघडली तर ती इथंच बसेल, माझ्याजवळ. मी मनात अंक मोजले. सतरापर्यंत मोजले. आक्का वाट बघत राहिली, तिनं हात ओढला नाही, घाई केली नाही. आणि मग तिला शिंक आली. डोळ्यांत पाणी, नाकात तंबाखू, आणि तरी ती माझ्याकडं बघून थोडी हसली. मी मूठ उघडली.

तिनं ते खांड उचललं, उलटंसुलटं करून बघितलं. "फुटली?" तिनं हळूच विचारलं. मी मान हलवली. ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि माझं मनगट घट्ट धरून घराकडं निघाली. दारात आप्पा आडाकडून परतत होते. त्यांनी तिला बघितलं आणि नुसते भिंतीला टेकले. सोप्यात मुलाचे वडील म्हणाले, "झाला का नमस्कार?" मी म्हणाले, "न्हाय, वखारी..." आक्कानं मनगट दाबलं. तिला कुंकू लावलं, ओटी भरली, शिरा वाढला. माझ्या ताटात शिरा आणि भज्यांत बोटभर जागा होती. ती आक्कानं कधी ठेवली, मला माहीत नाही.

पुढं मी बेळगावच्या तारघरात नोकरी केली. ते काम मला मानवलं. माणूस जे लिहून देईल तेच अक्षर न अक्षर पाठवायचं, अर्थ लावणं माझ्याकडं नाही. अभिनंदनाच्या तारांना तर ठरलेले आकडे होते, आकडा सांगितला की वाक्य पोचायचं. मला अनेकदा वाटे, घराघरांतही असे आकडे असते तर किती माणसं वाचली असती. असो.

आक्काचं लग्न वैशाखात झालं. निघताना आक्का एकेकाच्या पाया पडत म्हणत होती, "येते." आई रडत होती, आप्पा तोंड फिरवून उभे होते. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "येते गं रत्ने."

"कधी?" मी विचारलं.

मामा म्हणाला, "आगं, निघताना असं इचारत न्हाईत."

आक्का मात्र थांबली. सगळं वऱ्हाड खोळंबलं होतं. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "पंचमीला. आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या गाडीनं. स्टँडवर ऱ्हा."

ते तीन महिने मी तारखा खोडत काढले. आईला काही विचारलं तर ती "बघू" म्हणे, आणि बघू म्हणजे काय हे सांगायला कुणी नव्हतं. मला एकच काळजी पोखरत होती. "येते" हाही उलटाच शब्द निघाला तर? सगळे तो जातानाच म्हणतात. आक्कानं मला बरं वाटावं म्हणून तीनची गाडी सांगितली असली तर? पंचमीच्या आदल्या दिवशी मी एक वाजल्यापासून स्टँडवर उभी होते. बेळगावच्या गाडीची पाटी कानडीत, मला तेव्हा एवढंच ओळखता यायचं की ती कुठल्या अक्षरानं सुरू होते. तीन वाजले. गाडी नाही. साडेतीन, चार. मी हात झटकायला लागले. एक म्हातारा विचारून गेला, "कुणाची गं तू?" मी स्वतःला सांगत होते, उलटाच शब्द होता, उलटाच होता.

साडेचारला गाडी आली. चार माणसं उतरली, मग एक बाई कोंबडी घेऊन, आणि मग आक्का. हिरवी साडी, हातात पिशवी, चेहरा धुळीनं भरलेला. तिनं मला बघितलं आणि धावतच आली, माझं मनगट धरलं, घट्ट.

"दीड तास उशीर झाला, रत्ने," ती म्हणाली. माफी मागितल्यासारखी. "मी यळवरच निघालते. संकेश्वरात टायर..." ती थांबली. माझ्या तोंडाकडं बघितलं. "टायर वाढवला."

मला समजायला जरा वेळ लागला. मग हसू आलं, असं आलं की स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. आणि तिचा हात तसाच धरून मी म्हणाले, "आक्का, फुटला. टायर फुटला."